वटवाघुळांची मोजदाद

दिवेलागणीची वेळ झाली म्हणजे गांवाबाहेरच्या जुन्या वडावर हालचाल सुरू होते. दिवसभर काळ्या चामड्याच्या पिशव्यांप्रमाणें फांद्यांना उलटीं लोंबत असलेलीं वटवाघुळें एकेक करून पंख उलगडतात आणि मावळतीच्या उरल्यासुरल्या उजेडांतून दूरच्या फळझाडांकडे निघून जातात. हें दृश्य बहुतेकांनीं केव्हां ना केव्हां पाहिलेलें असतें, आणि पुष्कळांची वटवाघुळांशीं ओळख येथेंच सुरू होऊन येथेंच संपते. वटवाघूळ म्हणजे वडावरचें तें मोठें, काळें, अशुभ मानलेलें जनावर. फार तर त्याच्या जोडीला पडक्या देवळांत भिरभिरणारी लहानशी पाकोळी. याहून अधिक प्रकार त्यांत असतील अशी शंकाही सहसा कोणास येत नाहीं.

वस्तुस्थिति फार निराळी आहे. जगांत वटवाघुळांच्या चौदाशेंहून अधिक जाती आज ज्ञात आहेत. म्हणजे सस्तन प्राण्यांच्या दर पांच जातींपैकीं जवळजवळ एक जाति वटवाघुळाची. एकट्या भारतांत सव्वाशेंहून अधिक जातींची नोंद आहे. त्यांतील कांहीं फळें खातात, कांहीं फुलांतील मध चाखतात. बहुसंख्य जाती मात्र किड्यांवर जगतात, आणि एखादी जाति बेडूक, उंदीर व प्रसंगीं दुसरीं लहान वटवाघुळेंही मारून खाते. मोह आणि गोरखचिंच यांच्या रात्रीं उमलणाऱ्या फुलांकडे फलाहारी वटवाघुळें जातात आणि परागांची नेआण करितात. शेतावरचे पतंग व भुंगेरे टिपणारी सेना तर रात्रभर आकाशांत असतेच. इतकें मोठें आणि इतकें उपयोगी कुटुंब आपल्या छपराखालीं नांदत असूनही त्याची खानेसुमारी आजवर अपुरीच राहिली आहे.

एखाद्या रानांत वटवाघुळांच्या किती जाती राहतात, हा प्रश्न वरवर सोपा वाटतो. पक्षी दिवसा दिसतात आणि गाण्यावरून ओळखूं येतात. झाडें तर जागचीं हलत नाहींत. वटवाघूळ मात्र अंधारांत उडतें, वेगानें उडतें आणि त्याचा आवाज माणसाच्या कानाला बहुधा ऐकूं येत नाहीं. म्हणून त्याचा शोध घेण्यासाठीं निरनिराळ्या काळीं निरनिराळीं साधनें निघालीं. या साधनांची गोष्ट रेडिओच्या यंत्रासारखी आहे. घराघरांतून एकाच वेळीं अनेक केंद्रांच्या लहरी वाहत असतात. परंतु कांटा ज्या लहरीवर असेल तेवढीच ऐकूं येते. बाकीच्या ऐकूं येत नाहींत म्हणून त्या नसतातच असें कोणी म्हणत नाहीं. वटवाघुळांच्या बाबतींत मात्र हीच चूक वारंवार झालेली आहे. एका साधनानें शोध घ्यावयाचा, त्याला जें सांपडेल त्याची यादी करावयाची, आणि त्या यादीखालीं रेघ ओढून ‘येथें एवढींच’ असें लिहून टाकावयाचें. ही चूक कागदापुरती राहिली असती तर तिचें फारसें दुःख नव्हतें. परंतु पुढें एखादा डोंगर खाणीसाठीं द्यावयाचा कीं नाहीं, एखादी गुहा प्रवाशांना खुली करावयाची कीं नाहीं, याचा विचार करतांना हीच यादी पुढें मांडली जाते. जी जाति यादींत नाहीं तिच्या वतीनें बोलणारें तेथें कोणी नसतें.

या साधनांपैकीं पहिलें आणि सर्वांत जुनें म्हणजे निवाऱ्यांचा शोध. दिवसा वटवाघुळें कोठें विसावतात तें पाहावयाचें. लेणीं, भुयारें, किल्ल्यांवरील अंधाऱ्या वाटा, पडके वाडे, देवळांचे गाभारे, झाडांच्या ढोली अशीं हीं ठिकाणें. येथें यंत्रापेक्षां माणसांचा उपयोग अधिक होतो. कोणत्या कपारींतून संध्याकाळीं पाखरें निघतात हें रानांत गुरें चारणाऱ्या मुलाला ठाऊक असतें, आणि देवळाच्या शिखरांत काय राहतें हें गुरवाला. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ आंद्रे ब्रॉसे यांनीं पश्चिम व मध्य भारतांतील वटवाघुळांचा असा कसून अभ्यास केला, आणि त्यांची लेखमाला मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत १९६२ व १९६३ सालीं प्रसिद्ध झाली.

निवाऱ्यांच्या शोधाचें सर्वांत नांवाजलेलें फळ याहूनही जुनें आहे. याच सोसायटीनें १९१२ च्या सुमारास हिंदुस्थानांतील सस्तन प्राण्यांची मोठी पाहणी हातीं घेतली होती. त्या काळांत, पुढें सोसायटीचे क्युरेटर झालेले एस. एच. प्रेटर यांना बेळगांव जिल्ह्यांत खानापूर तालुक्यांतील तळेवाडीजवळ बारापेडे नांवाच्या गुहेंत मोठ्या कानांचें आणि मोकळ्या शेपटीचें एक वटवाघूळ मिळालें. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील ओल्डफील्ड थॉमस यांनीं १९१३ सालीं तें नव्या जातीचें म्हणून जाहीर केलें आणि पाहणीच्या कामांत झटणारे निवृत्त वनाधिकारी रॉटन यांचें नांव त्याला दिलें. त्यानंतर ऐंशींहून अधिक वर्षें साऱ्या जगांत ही जाति त्या एका गुहेपलीकडे कोणाला आढळली नाहीं. पुढें २००० च्या सुमारास ती प्रथम कंबोडियांत आणि मग मेघालयांत सांपडली. सह्याद्रीपासून कंबोडियापर्यंतच्या एवढ्या विस्तीर्ण प्रदेशांत ती आहे, आणि तरीही इतकीं वर्षें ती एकाच गुहेची म्हणून गणली गेली. निवाऱ्याच्या शोधाचें सामर्थ्य आणि त्याचें दौर्बल्य अशीं दोन्हीं या एका कथेंत दिसतात. ज्या गुहेंत मनुष्य शिरला तेथील बातमी पक्की मिळते. परंतु ज्या कपारीपर्यंत कोणी पोंचलें नाहीं तिच्याविषयीं ही पद्धति कांहींच सांगूं शकत नाहीं.

दुसरें साधन जाळ्याचें. पक्षी धरण्यासाठीं जपानांत वापरलें जाणारें अत्यंत बारीक धाग्यांचें जाळें पुढें वटवाघुळें धरण्याच्या कामीं आलें. आज तें नायलॉनचें असतें आणि ‘मिस्ट नेट’ या नांवानें ओळखलें जातें. रानवाटेवर, ओढ्यावर किंवा उन्हाळ्यांत उरलेल्या एखाद्या डबक्यावर तें आडवें बांधलें म्हणजे पाणी पिण्यास आलेलीं वटवाघुळें त्यांत अडकतात. जाळ्याचा मोठा लाभ हा कीं प्राणी प्रत्यक्ष हातीं येतो. त्याचें वजन घेतां येतें, बाहूची लांबी मोजतां येते, नर कीं मादी, मादी गाभण आहे कीं दूध पाजणारी, हें सर्व कळतें. परंतु हें जाळें जमिनीपासून थोड्याच उंचीपर्यंत लागतें. झाडांच्या शेंड्यांवरून बाणासारखीं जाणारीं बारापेडेच्या जातीचीं वटवाघुळें त्यांत क्वचितच येतात. शिवाय ज्यांचा प्रतिध्वनि फार सूक्ष्म, त्यांना जाळ्याचा धागाही उमगतो आणि तीं ऐनवेळीं वळून निघून जातात.

अशा चतुर जातींसाठीं तिसरें साधन आहे. एका उभ्या चौकटींत वीणेच्या तारांप्रमाणें बारीक तारा ओढलेल्या असतात आणि खालीं कापडाची झोळी असते. अमेरिकेंत कॉन्स्टंटाईन यांनीं १९५८ सालीं असा सापळा वर्णिला, आणि १९७४ सालीं टटल यांनीं दोन चौकटींचा, उचलून नेण्याजोगा सापळा बनवला. पहिल्या तारांतून निसटलेलें वटवाघूळ दुसऱ्या तारांना अडतें आणि घसरून झोळींत पडतें. त्याला इजा होत नाहीं. भारतांत आढळणारें नारिंगी व काळ्या पंखांचें रंगीत वटवाघूळ हें अशा सापळ्याचें महत्त्व सांगणारें उत्तम उदाहरण आहे. तें केळीच्या सुकलेल्या पानाच्या गुंडाळींत झोपतें. त्या वेळीं तें वाळक्या पानाहून वेगळें दिसत नाहीं. त्यामुळें निवारे शोधणाऱ्याच्या नजरेंतून तें सुटतें. रात्रीं तें झुडपांच्या दाटींत सावकाश उडतें आणि त्याचा आवाज इतका क्षीण असतो कीं यंत्रालाही तो बहुधा पकडतां येत नाहीं. या जातीच्या भाऊबंदांना पकडण्यास दाट रानांतील तारांचा सापळाच अधिक कामास येतो.

चौथें साधन कानाचें. परंतु मनुष्याच्या कानाचें नव्हे. इटलीचे स्पालान्झानी यांनीं १७९३ सालापासून केलेल्या प्रयोगांत असें दिसून आलें कीं डोळे गेलेलें वटवाघूळही अडथळे चुकवून उडतें. जिनीव्हाच्या ज्यूरीन यांनीं वटवाघुळांचे कान बंद करून पाहिले, तेव्हां तीं वस्तूंवर आदळूं लागलीं. या कोड्याचा उलगडा व्हावयास जवळजवळ दीडशें वर्षें लागलीं. हार्वर्डमध्यें पियर्स यांनीं श्रवणातीत ध्वनि टिपणारें यंत्र तयार केलें होतें. १९३८ सालीं तरुण डॉनल्ड ग्रिफिन यांनीं त्यापुढें वटवाघुळें आणून ठेविलीं, आणि जीं मुकीं वाटत होतीं तीं एकसारखीं ओरडत आहेत असें आढळलें. स्वतःच्या आवाजाचा प्रतिध्वनि ऐकून तीं वाट व भक्ष्य शोधतात. आज हें यंत्र खिशांत मावण्याइतकें लहान झालें आहे. रात्रभर तें रानांत टांगून ठेवावें, सकाळीं त्यांतील ध्वनि संथ करून ऐकावा किंवा त्याचें चित्र पडद्यावर पाहावें, म्हणजे कोणकोण वरून गेलें याचा पुष्कळसा पत्ता लागतो. उंच उडणाऱ्या वटवाघुळांचा आवाज खालच्या पट्टीचा असल्यामुळें तो दूरवर पोंचतो; म्हणून जीं जाळ्याला कधीं सांपडत नाहींत तीं या यंत्राला सहज सांपडतात.

या यंत्रानें दिसण्यावरून न उकलणारे घोटाळेही उकलले. पश्चिम घाटांत घोड्याच्या नालेच्या आकाराची नाकपाळी असलेलीं कांहीं वटवाघुळें पूर्वीं एकाच जातीचीं समजलीं जात. त्यांतील कांहीं सेकंदास सुमारें ८०,००० कंपनांचा आवाज काढतात आणि कांहीं सुमारें ९०,००० कंपनांचा, असें लक्षांत आलें. मग डी. एन. ए.ची परीक्षा झाली, आणि या निराळ्या सुरामागें निराळी जाति आहे असें २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें दाखविलें. इंग्लंडांतही अगदीं सामान्य म्हणून गणलेल्या चिमुकल्या वटवाघुळाचे ४५,००० व ५५,००० कंपनांचे असे दोन वर्ग आढळले आणि १९९० नंतरच्या दशकांत त्यांच्या दोन जाती ठरल्या.

मग हें यंत्र एकटें पुरे नाहीं काय? नाहीं. वडावरचीं मोठीं वटवाघुळें डोळ्यांनीं व नाकानें वाट काढतात. प्रतिध्वनीसाठीं तीं ओरडतच नाहींत, म्हणून त्यांच्यापुढें हें यंत्र बहिरें ठरतें. बेडूक-उंदरांची शिकार करणारें वटवाघूळ भक्ष्याच्या सळसळीवर लक्ष ठेवून असतें आणि स्वतः अगदीं कुजबुजल्याप्रमाणें बोलतें. नालेच्या नाकाच्या जातींचा आवाज इतका उंच असतो कीं तो हवेंतच विरून जातो आणि कांहीं पावलांपलीकडे पोंचत नाहीं. शिवाय पडद्यावर दिसणाऱ्या आवाजाला नांव कोणतें द्यावयाचें, हें यंत्राला कोणीतरी शिकवावें लागतें. तें शिक्षण जाळें देतें. जाळ्यांत धरलेलें व ओळख पटलेलें वटवाघूळ सोडतांना त्याचा आवाज टिपून ठेवितात. अशा नमुन्यांच्या आधारावरच पुढचे अज्ञात आवाज ओळखले जातात. जाळ्यावांचून यंत्र नांवें सांगूं शकत नाहीं, आणि यंत्रावांचून जाळ्याची दृष्टि माथ्यावर पोंचत नाहीं.

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागांत ५७ ठिकाणीं ओफॅरल आणि गॅनन यांनीं हीं दोन्ही साधनें शेजारीं ठेवून पाहिलीं आणि त्याचा वृत्तांत १९९९ सालीं प्रसिद्ध केला. दोहोंनीं मिळून जेवढ्या जाती दिसल्या त्यांपैकीं सुमारें ६३ टक्के धरपकडींत आल्या, तर सुमारें ८७ टक्के यंत्रानें टिपल्या. यंत्र वरचढ ठरलें खरें. परंतु तेंही शंभरावर पोंचलें नाहीं, हा त्यांतील खरा बोध.

येथें एक फसवी गोष्ट सांगितली पाहिजे. पाहणी करणारे लोक दररोज नव्यानें सांपडलेल्या जाती मोजतात. पहिल्या रात्रीं पुष्कळ नवीं नांवें मिळतात, दुसऱ्या रात्रीं कमी, आणि पुढें पुढें एकही नवें नांव मिळेनासें होतें. आलेखाची रेषा आडवी झाली म्हणजे काम पुरें झालें असें समजण्याचा प्रघात आहे. परंतु केवळ जाळ्यांनीं काम चालविलें असेल तर आडवी झालेली रेषा एवढेंच सांगते कीं जाळ्याला जें सांपडण्याजोगें होतें तें सांपडून झालें. रान संपलें असें ती सांगत नाहीं. त्याच रात्रीं यंत्र टांगलें कीं रेषा पुन्हां वर चढूं लागते. म्हणून अनेक पद्धतींची जोड हा चोखंदळपणाचा सोस नव्हे. खोट्या समाधानापासून वांचण्याचा तो एकच मार्ग आहे.

ही जोड घालतांनाही विवेक लागतो. निरनिराळ्या साधनांनीं मिळालेल्या जातींचीं नांवें एका यादींत घालावीं. आंकडे मात्र एकत्र मिळवूं नयेत. यंत्रांत शंभर हांका उमटल्या म्हणजे शंभर वटवाघुळें आलीं असें नव्हे. रस्त्यावरच्या एका दिव्याभोंवतीं एकच वटवाघूळ शंभरदां फिरलें असेल. किती जाळीं किती तास लाविलीं, यंत्र किती रात्रीं ऐकत होतें, चांदणें होतें कीं अंधार, पाऊस होता कीं कोरडें, हेंही लिहून ठेवावें. नाहींपेक्षां ‘आढळलें नाहीं’ या शब्दांना अर्थ राहत नाहीं. तसेंच कमी त्रासाचें साधन आधीं आणि अधिक त्रासाचें मागाहून, हा क्रमही पाळावा. प्रथम गांवकऱ्यांशीं बोलावें, मग संध्याकाळीं बाहेर पडणाऱ्या थव्यांची मोजणी करावी, मग यंत्र टांगावें आणि शेवटीं जाळें बांधावें. पिलें अंगावर असतां गुहेंत गलबला केला तर तीं खालीं पडून मरतात. म्हणून विणीच्या काळांत आंत जाऊंच नये. दूध पाजणारी मादी जाळ्यांत आली तर तिला सर्वांआधीं सोडावें. हातमोजे व अलर्काची लस यांवांचून वटवाघुळाला हात लावणें हें धाडस नसून अविचार आहे.

आणखी एक शोधक्षेत्र असें आहे कीं तेथें अंधारही नाहीं आणि जंगलही नाहीं. तें म्हणजे संग्रहालयाचें कपाट. मदुरेच्या पश्चिमेस असलेल्या हाय वेव्ही डोंगरांत १९४८ सालीं मळेवाले निसर्गप्रेमी अँगस हटन यांना एक फलाहारी वटवाघूळ मिळालें. तें मुंबईस सोसायटीच्या संग्रहांत आलें आणि एका सर्वपरिचित जातीची चिठ्ठी लागून कपाटांत पडून राहिलें. चोवीस वर्षांनंतर, १९७२ सालीं, थायलंडचे किट्टी थाँगलाँग्या यांनीं तें पुन्हां तपासलें. तेव्हां ती नुसती नवी जातिच नव्हे तर नवा वंशही निघाला. त्याला डॉ. सालिम अली यांचें नांव देण्यांत आलें. रानांत तें पुन्हां जिवंत आढळलें तें १९९३ सालीं. हातीं आलेली वस्तूसुद्धां ओळखण्यास दुसरी दृष्टि लागते, याहून त्याचा स्पष्ट पुरावा कोणता?

नांव लागण्यानें काय घडतें हें कायद्याकडे पाहिल्यास कळतें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत फलाहारी वटवाघुळांना पुढें दीर्घकाळ उंदीर व कावळे यांच्या पंगतीस, उपद्रवी प्राण्यांच्या अनुसूचींत बसविलेलें होतें. त्या काळांतही सालिम अलींचें वटवाघूळ आणि बारापेडेचें वटवाघूळ या दोघांना मात्र सर्वोच्च संरक्षणाची पहिली अनुसूचि मिळाली; कारण कोणीतरी त्यांना ओळखलें होतें व त्यांचें नांव नोंदलें होतें. २०२२ च्या दुरुस्तीनें, जी १ एप्रिल २०२३ पासून अंमलांत आली, उपद्रवी प्राण्यांची ती अनुसूचि कायद्यांतून गेली. परंतु कायदा बदलला म्हणून गैरसमज बदलत नाहीं. २०२० सालच्या साथींत वटवाघुळांविषयींचें जुनें भय नव्यानें उसळलें, आणि ज्या झाडांवर पिढ्यान्‌पिढ्या त्यांची वस्ती होती त्या झाडांकडे लोक संशयानें पाहूं लागले.

अशा वेळीं शहाण्या गृहस्थाला करण्याजोगी एक साधी गोष्ट आहे. रस्तारुंदीसाठीं एखादा जुना वड तोडावयाचा ठरतो, किंवा पडक्या वाड्याची डागडुजी निघते, तेव्हां ‘येथें कांहीं नाहीं’ असें छातीठोकपणें सांगणारा कोणीतरी भेटतोच. त्याला शांतपणें तीन प्रश्न विचारावे: कोणत्या साधनानें पाहिलें? किती रात्री पाहिलें? आणि जें त्या साधनाला दिसत नाहीं, तें दुसऱ्या कोणत्या साधनानें शोधलें? या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें मिळेपर्यंत कुऱ्हाड खालीं ठेवावी. संध्याकाळीं अंगणांतून वर पाहिलें असतां आकाश रिकामें दिसतें खरें. परंतु तें रिकामें नसतें. त्यांत हांका चाललेल्या असतात, आणि त्या ऐकूं येत नाहींत हा दोष आकाशाचा नव्हे.